सोळा घरांचा तांब्या

"घे रे जया, पाणी घे. आमी पावण्याक पितळेच्याच तांब्यातसून पाणी देतांव," बाबलीची घरकारीण म्हणाली आणि तिने तांब्या माझ्या पुढ्यात ठेवला.

वाडीतलं ते चौथं घर. तांब्या तिसऱ्या घरातच ओळखीचा वाटला होता, इथे खात्री पटली. गळ्याखाली अंगठ्याएवढा पोचा होता. तो माझ्यामुळेच पडला होता. सात वर्षांचा असताना मी तो तांब्या विहिरीच्या काठावरून खाली सोडला होता आणि आईने मला बडव बडव बडवलं होतं. पुढे अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आईने तो तिला दिला. तांब्या जानकीअक्काचा आणि पाणी पाजत होती बाबलीची बायको.

मी पाणी प्यालो. मग फॉर्मवरचा प्रश्न वाचला, "तांब्या-पितळेची भांडी?"

"आसत मरे! दिसना नाय तुका?"

मी शिसपेन्सिलीने लिहिलं : आहेत.

पाचव्या घराकडे जाताना मी मुद्दाम विडी पेटवायला थांबलो. मागच्या माडांमधून हौसाबाई पदराखाली काहीतरी धरून लगबगीने चालली होती. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, पण माझ्याआधी पोचायला हवं म्हणून अक्षरशः धावत होती. मला हसू आलं. हसू आलं याची आज लाज वाटते.

मी सरकारी अन्वेषक. म्हणजे हातात फॉर्मांचं बाड, खांद्याला पिशवी आणि नोकरी हंगामी. अकरा वर्षं हंगामीच. ते चौऱ्याऐंशी साल. जिल्हा नवा, कचेरी नवी, त्यामुळे योजनाही नवनव्या निघत. साहेबांनी मला काम नीट समजावून दिलं होतं. दोन वस्त्या आणि योजना एक. एक वस्ती आमचीच, शिरोड्याच्या अंगची रापणकारांची वाडी. दुसरी रेडीच्या खाणीजवळची, विजापूरकडून दुष्काळात उठून आलेल्या मजुरांची. दोन्हींची आर्थिक स्थिती तपासायची, शेजारी शेजारी मांडायची आणि जी जास्त खालावलेली तिला घरदुरुस्ती आणि धंद्याचं साधन द्यायचं. आमच्या वाडीला साधन म्हणजे जाळं.

रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं एकच जाळं. प्रत्येक घराचा त्यात एक तुकडा, आणि सगळे तुकडे एकमेकांना शिवलेले. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायच्या. पण ट्रॉलर आले आणि मासा बाहेरच्या बाहेर उचलू लागले. जाळंही कुजत आलं. नवं मिळालं नाही तर चैत्रात रापण सुटणार होती, म्हणजे शिवण उसवून ज्याचा तुकडा त्याला परत.

रापणीचा एक कायदा आहे, कुठल्या पुस्तकात नसलेला. दोरीला ज्याने हात लावला त्याचा वाटा पडतो. माझे वडील समुद्रात बुडून गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. महिन्याभराने आई किनाऱ्यावर गेली आणि दोरीला नुसता हात लावून चालू लागली. ओढायला अंगात जोर होता कुठे! पण वाळूवर वाटे मांडले तेव्हा एक तिचा होता. ते मासे विकून तिने मला मॅट्रिक केलं. मी सरकारचं खाल्लं त्याआधी रापणीचं खाल्लं, हे मी विसरलो नव्हतो. निदान तोवर तरी नाही.

संध्याकाळी सोळावं घर झालं. ते अक्काचंच. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. माझे भावोजी लवू रापणीचे म्होरके. ते ओटीवर बसून फाटकं जाळं सांधत होते. भाची सरला कंदिलाची काच पुसत होती. तांब्या परत येऊन आपल्या जागी बसला होता.

"अक्का, तांब्यो दमलो आसतलो आज," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं नाही. "दमूंदे. झिजता काय तो?"

"अगो, भांडी नाय म्हणून लिवलंय तर जाळा गावतला. आसत म्हणून लिवलंय तर सगळा रेडीच्या मजुरांका जातला."

"आणि ज्यांच्याकडे नाय तेंची नावा पंचायतीच्या फळ्यार लागतली. खरा मां?"

"लागतली. तसो नियमच आसा."

"मगे रेडी गावची ती सोयरिकीची माणसा वाचतली. सरलाक बघून गेलीत, होय-नाय अजून कळवूक नाय." तिचा हात थांबला. "नाव फळ्यार बघल्यार ती काय म्हणतली, तूच सांग. आणि माझ्या एकटीचा नाय ह्या. पंधरा घरांत कोणाचा ना कोणाचा काय तरी जमता हा. म्हणान मीच सांगलंय सगळ्यांका, तांब्यो न्हेवा म्हणान."

सरला उठून आत गेली. भावोजी सुई जाळ्यात टोचून ठेवत म्हणाले, "जयराम, जाळा व्हयाच. तेच्याशिवाय रापण ऱ्हवाची नाय. पण फळ्यार नाव नुको. आमी आजपर्यंत वाटे दिलेत रे, मागूक नाय."

"दोनय कशी जमतली, भावोजी?"

"तू सरकारात आसस. काय ता तू बघ."

बघतो, मी म्हणालो. आयुष्यभर मी एवढंच म्हणत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी रेडीला गेलो. खाणीच्या अंगाला पत्रे, गोणपाट आणि झावळ्यांच्या चाळीसेक खोपी होत्या. लाल धूळ सगळ्यांवर सारखी बसली होती, पोरांच्या केसांवर आणि उघड्या भातावरसुद्धा. पहिल्याच खोपीत यल्लव्वा नावाची बाई होती. नवरा आत खोकत पडला होता. मी प्रश्न विचारायच्या आधीच तिने बोलायला सुरुवात केली.

"लिहा साहेब. जमीन न्हाई. घर न्हाई. ह्यो पत्रा बी मुकादमाचा हाय. लिहिलं?"

"तांब्या-पितळेची भांडी?"

ती मोठ्याने हसली. "एक जर्मनचं पातेलं हाय. त्यातच भात, त्यातच चा, त्यातच आंघुळीचं पानी. बघायचं असलं तर बघा. भात हाय आता त्यात."

"बाई, ही यादी पुढे फळ्यावर लागते. सगळे वाचतात."

"लागू द्या की! आमाला हितं कोन वळखतंय? लाज गावाकडं ठिवून आलोय, साहेब." मग ती हळू आवाजात म्हणाली, "गावात आला असता तर म्या बी तुमाला उसनवार दूध आनून पाजलं असतं. आनि सगळं हाय म्हनून सांगितलं असतं."

तिला माझ्या वाडीबद्दल काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी मला वाटलं, हिला कोणीतरी सांगितलं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. त्या वस्तीत दिवसभरात मला कोणी एक शब्द खोटं बोललं नाही.

परत येताना रेडीच्या स्टँडवर गाडीला अवकाश होता. बाकावर बसून मी वाडीचे सोळा फॉर्म मांडीवर घेतले. पेन्सिलीने लिहिलेलं शाईने पक्कं करायचं होतं. खोडरबर खिशात होता. सोळा ठिकाणी 'आहेत' खोडून 'नाहीत' लिहायला पाच मिनिटंही लागली नसती. पाहुणे येऊन गेल्यावर आतल्या खोलीतून हळूच डोकावणारी सरला डोळ्यांपुढे आली. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धंही सांगून टाकतो. कचेरीत मी गिरपसाहेब होतो, पांढऱ्या शर्टातला. माझी वाडी दारिद्र्याच्या यादीत फळ्यावर लागलेली मलाच नको होती. मी सोळाही वेळा शाईने लिहिलं : आहेत. शेऱ्याचा रकाना होता. तिथे एक ओळ लिहिली असती, सोळा घरांत तांब्या एकच आहे, तरी काम झालं असतं. ती लिहिली नाही.

आठवड्याने साहेबांनी बाड चाळलं.

"गिरप, तुमच्या त्या मच्छीमार वाडीची स्थिती बरीच समाधानकारक दिसते. सोळाच्या सोळा घरांत पितळेची भांडी! शेरा काहीच नाही?"

"नाही, साहेब."

"आणि हे खाणीवरचे मजूर मात्र फारच खालावलेले आहेत."

"हो, साहेब."

यल्लव्वाचं तरी भलं होईल अशी मी मनाची समजूत घातली. फाल्गुनात कागद खाली आले. खाणीवरच्या मजुरांकडे शिधापत्रिका नव्हत्या. रहिवासाचा दाखला नव्हता. सबब ते या जिल्ह्याचे लाभार्थी होऊ शकत नव्हते. आमची वाडी कागदावर गरीब नव्हती आणि ती वस्ती कागदावरच नव्हती. मार्चअखेर निधी परत गेला. साहेबांनी मला एक तुलनात्मक तक्ता सुबक अक्षरात लिहायला सांगितला आणि तो भिंतीवर लावला.

चैत्रात सरलाचं कार्ड आलं. 'मामा, माझं ठरलं. लग्न वैशाखात आहे. येत्या रविवारी रापणीची शेवटची ओढ आहे, नंतर सोडणार. आई या म्हणते.'

गेलो. दोऱ्या ओढायला माणसं कमी पडत होती. तरणी पोरं कोण मुंबईला, कोण ट्रॉलरवर. भावोजींनी रेडीला निरोप धाडला होता. खाणीला सुट्टी म्हणून तिथली दहा-बारा माणसं किनाऱ्याने चालत आली होती. त्यांत यल्लव्वा होती. कपाळावर कुंकू नव्हतं.

"साहेब, आमचं काय झालं?" तिने विचारलं.

"कागद वर गेलेत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि पदर खोचून दोरीला लागली. मीही तिच्यामागे दोरी धरली. दोन घटका ओढत होतो. पांढरा शर्ट पाठीला चिकटला आणि तळहात सोलले. माझ्या हातांना रापणीची सवय उरली नव्हती. जाळं आलं तेव्हा त्यात होती थोडी तारली, चार-दोन बांगडे आणि खूपसा गाळ.

भावोजींनी तरीही वाळूवर वाटे मांडले, नेहमीसारखे, एकेक मासा तोलून. यल्लव्वाचा वाटा तिच्या जर्मनच्या पातेल्यात गेला. शेवटी एक वाटा उरला.

"जया, तुझो वाटो."

"माका नको, भावोजी."

भावोजींच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर फार बरं झालं असतं. "दोरीक हात लावलंस मां? मगे उचल."

योजनेचं काय झालं, फॉर्मात काय लिहिलंस, हे मला त्या वाडीत कोणी विचारलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. मी खाली बसलो आणि तीन तारल्या उचलल्या. त्या कशात घ्याव्यात कळेना. अक्का घरी जाऊन तो तांब्या घेऊन आली.

"ह्येच्यातसून ने. ठेव तुझ्याकडेच."

"अगो, सरलाक दी मरे. आवशीचो तो."

"पोचो पडलेलो कसो देव लग्नात?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "लगीन झाल्यार हे खाणीर जातले, पाटी उचलूक. आदी जाणा नाय. सरलाच्या सासरची माणसा रेडीचीच, बघतली."

बायका कोयत्या घेऊन वाळूत बसल्या आणि शिवण उसवू लागल्या. कोणाचा तुकडा कुठे सुरू होतो हे प्रत्येकीला न बघता कळत होतं. मी फार वेळ तिथे थांबू शकलो नाही.

एस.टी.साठी वाडीतल्या रस्त्यानेच वर जावं लागतं, सगळ्या घरांच्या पुढच्या दारांवरून. माझ्या हातात तांब्या होता. पदर नव्हता, झाकायला काहीच नव्हतं. किनाऱ्यावरून आधीच परतलेली बाबलीची बायको अंगण झाडत होती, ती पाठ करून आत गेली. पुढच्या घराचं दार मी पोचायच्या आत लोटलं गेलं. दोन्ही हातांनी तांब्या पोटाशी धरून मी चालत राहिलो.

शेवटचं घर हौसाबाईचं. गुडघ्यांमुळे ती किनाऱ्यावर आली नव्हती, उंबऱ्यात बसली होती. तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं.

"उन्हातसून इलंस. पाणी व्हया रे, झिला?"

मी हो म्हणून मान हलवली. ती भिंत धरत आत गेली. मडक्यावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी होती. पाणी सांडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून तिने माझ्यापुढे केली.

तांब्या खाली ठेवून मी ते पाणी उभ्यानेच प्यालो.