पिवळ्या जर्सीची बगल

तुम्हाला मी चोर म्हणत नाही. चोराला निदान माहीत असतं, आपण काय उचललं. तुम्ही, क्रीडा मंडळाचे खुर्चीवाले, एका बाईचा सगळा खेळ कात्रीने उसवलात आणि वर म्हणालात, जर्सी मूळ रूपात आणली. कुणाच्या मूळ रूपात? आता सगळं ऐका. नंतर 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची सोय राहायला नको.

मी एसी दुरुस्त करतो. तुमच्या संग्रहालयातला एसी गळत होता आणि पाणी नेमकं मधल्या काचेच्या पेटीवर ठिबकत होतं. पेटीत पिवळी जर्सी, पाठीवर नऊ नंबर. खाली पाटी : 'तोफेची जर्सी. हीच घालून त्याने अंतिम सामना जिंकून दिला.' तोफ म्हणजे कोणता फुटबॉलवाला, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या दारातच त्याचा पुतळा आहे, दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपर्यंत उचललेले. गोल मारल्यावर तो तसा उभा राहिला होता. गल्लीतली पोरं अजून गोल झाला की तसेच हात करतात. त्या पोझवर तुमच्यातल्या कितीजणांनी भाषणं ठोकलीत. एवढा मोठा गोल, तरी हात आभाळाला लावले नाहीत, केवढी ती नम्रता!

पेटीत पाणी जाऊ नये म्हणून संग्रहालयाच्या बाईंनी जर्सी बाहेर काढून टेबलावर पसरली. मी शिडीवर होतो. बाईंनी बाही उचलली, आणि मला वरून दिसला बगलेतला काळा चौकोन.

"हे काय?" बाई स्वतःशीच पुटपुटल्या. दुसरी बाही उचलली. "इकडेही आहे. हे जर्सीचं कापड नाही."

मी खाली उतरलो, हात पुसले आणि बोट लावून पाहिलं. "छत्रीचं आहे."

"कशावरून?"

"ही जर्सी माझ्या आत्याची आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "सांगा." हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडायला तुम्ही टपलेले असाल.

पण मला तरी कुठे काय माहीत होतं! आत्याने आजोबांची छत्री कापून जर्सीला लावली, एवढंच लहानपणापासून ऐकत होतो. आमच्या घरात ती थाप म्हणून खपायची. त्या दिवशी घरी गेलो ते चप्पल न काढताच आत्यासमोर बसलो. ती खांद्याला मलम चोळत होती. हल्ली तिचा हात कानाच्या वर जात नाही.

"आत्या, तुझी जर्सी पिवळी होती?"

"होती की."

"नंबर?"

"नऊ. गोलकीपरला नऊ नंबर! अख्खं मैदान हसायचं."

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, पुरे हो. तुम्ही टीमच्या पाण्याच्या बाटल्या भरायला जायचात. तुमच्या भावानेच सांगितलंय मला."

"माझा भाऊ एकदाही मॅच बघायला फिरकला नाही. त्याला काय दिसणार? बाटल्याच!"

मग आत्या बोलायला लागली. पुरुषांच्या टीमने टाकलेले कपडे बायकांच्या टीमला मिळायचे. सगळे हिरवे. पण गोलकीपरला वेगळा रंग लागतो. कपाटाच्या तळाशी एकच पिवळी जर्सी सापडली. तोफेच्या त्या अंतिम सामन्यात समोरची टीमही हिरवीच होती, म्हणून आपल्या पोरांना घाईघाईने पिवळ्या शिवून आणल्या होत्या. तेवढ्या एका सामन्यापुरत्या. बाकीच्या खेळाडूंनी आपापल्या घरी नेल्या, ही राहिली.

"आणि ती बगलेत अशी तंग," आत्या म्हणाली, "की उडी मारली की जर्सी गळ्याशी आणि पोट उघडं. लोक बॉल बघायचे सोडून भलतंच बघायला लागले. मग काय करणार? बाबांची छत्री कापली. दोन्ही बगलांत चौकोन घातले. हात मोकळे!"

"आजोबा ओरडले नाहीत?"

"सकाळी छत्री शोधून शोधून शेवटी भिजत कामावर गेले. संध्याकाळी मॅचला आले. मी हात वर केले आणि त्यांना दिसलं. शेजारच्या माणसाला म्हणतात कसे, ती बघा माझी छत्री! झालं. तेव्हापासून मी उडी मारली की लोक ओरडायचे, छत्री उघडली, छत्री उघडली! बॉल अडला की 'मिटली!' आणि गोल झाला की…" आत्या आईकडे बघून थांबली. "जाऊ दे. फाटलेल्या छत्रीबद्दल लोक काय काय बोलतात, तुला माहीतच आहे."

आई भाजी निवडायची विसरली होती.

"फोटो आहे एखादा?" संग्रहालयातलं सगळं सांगून मी विचारलं.

"आमचा फोटो काढतंय कोण? टीम बंद केली तेव्हा सगळं जमा करून घेतलं. कपडे, हातमोजे, शिट्टीसुद्धा." ती थोडा वेळ खांदा चोळत राहिली. "जर्सी तोफेची म्हणतात तर म्हणू देत. त्याने घातलीच होती. पण खाली माझी एक ओळ लिहितील का रे? एकच. विचारून बघ ना."

एवढंच मागणं होतं. पुन्हा वाचा. एक ओळ.

माझं डोकं मात्र तापलं होतं. मला वाटलं, या तोफेला सगळं माहीत आहे आणि बेटा गप्प बसून आयते हार घालून घेतोय. पत्ता काढला आणि थडकलो त्याच्या दारात. दार त्यानेच उघडलं. अंगात बनियन, पोट सुटलेलं, हातात टीव्हीचा रिमोट.

"संग्रहालयातली जर्सी तुमची एकट्याची नाही," मी उंबऱ्यातूनच सुनावलं.

"मग आणखी कुणाची?" त्याने विचारलं, आणि खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. "आत ये, बस. चहा घेणार?"

"तिच्या बगलेत काळं कापड लावलंय."

तो खुर्चीच्या कडेवर आला. "तुकडा घातला? बगलेत? कुणीतरी शहाणा माणूस दिसतोय!"

"बाई आहे."

"शहाणी बाई! अरे, काय काचायची ती जर्सी! एकदाच घातली, तेवढ्यात दोन्ही बगला सोलून निघाल्या."

आणि माझी ट्यूब पेटली. "म्हणजे… ती पोझ?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हात वर जाईचनात रे! गोल मारला, ओरडलो, हात उचलले आणि अर्ध्यात अडकले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नम्रता. बायको म्हणाली, चांगलं म्हणतायत ना, मग गप्प बसा. बसलो. आता तर पुतळाच झाला. पुतळ्याला कसं सांगू, बाबा रे, हात सरळ कर?"

भांडायला गेलेला मी त्याच्या दिवाणावर बसून पोट धरून हसत होतो. तोही हसत होता. मग त्याने आत्याबद्दल विचारलं. किती वर्षं खेळली, उंची किती, उजवीकडे जास्त उडी मारायची की डावीकडे. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. घरच्या माणसाला येत नव्हतं. घरी जाऊन आत्याला ते सगळे प्रश्न विचारले. डावीकडे, म्हणाली.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या आत्याला भेटायला घरी आल्या, छत्रीची गोष्ट तीनदा सांगायला लावली आणि नवी पाटी तयार केली. तोफेच्या ओळीखाली आत्याची ओळ. ती पाटी वर तुमच्याकडे आली. आणि तुमच्यातल्या एकाने विचारलं, "बायकांची टीम होती का आपली?" दुसरा म्हणाला, "ठिगळाची जर्सी पाहुण्यांना कशी दाखवायची?" बाईंनी उसवायला साफ नकार दिला. तुम्ही बाहेरून शिंपी आणलात.

जर्सी पुन्हा पेटीत ठेवायच्या तुमच्या समारंभाला आत्या इस्त्रीचे कपडे घालून आली होती. उसवण्याचं तिला काहीच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं; ते सगळं मागाहून कळलं. ती काचेजवळ गेली, वाकली, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. बगल शिवून सपाट केलेली. पाटी जुनीच. तिने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मग तुमच्या अध्यक्षांनी तोफेला पुढे बोलावलं. फोटोवाले ओरडायला लागले, "ती पोझ! ती पोझ!" तोफेने माईक घेतला. "जर्सी तंग होती हो. हात वर जातच नव्हते. जिने ती नीट केली आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वापरली, ती गोलकीपर तिकडे उभी आहे."

आणि तुम्ही काय केलंत? टाळ्या वाजवल्यात. अध्यक्ष म्हणाले, "पाहिलंत? इतका मोठा झाला, तरी अजून किती नम्र!" ज्या दिशेला त्याने बोट दाखवलं होतं, तिकडे तुमच्यातल्या एकानेही मान वळवली नाही. मी बघत होतो. एकेकाच्या मानेकडे बघत होतो.

बाहेर पडल्यावर आत्याने एवढंच विचारलं, "ते तुकडे टाकले कुठे असतील रे?"

मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिंप्याने कापड टाकलं नव्हतं. एका पाकिटात घातलं आणि ते तुमच्या कार्यालयात गेलं.

जर्सीवर आमचा हक्क नाही, कबूल. छत्री आमच्या घरची होती. आत्या उड्या मारायची, याची ते तुकडे सोडून दुसरी कसलीही खूण या जगात नाही. ते तुमच्या खणात आहेत की कचऱ्यात गेले? आणि एक ओळ लिहायला तुमच्या हाताला कुठे काचत होतं? मला पत्र नको, चहापाणी नको. आमच्या घरी या, आत्यासमोर बसा आणि तिच्या तोंडावर सांगा : कुठे आहेत ते तुकडे?