एकही बॅटरी नाही

जेवणाच्या सुट्टीआधी कचरा-छाननी कारखान्याचा मुकादम गुंडरसन पडद्यावरचे आकडे बघून खूश झाला. "मार्लिस, सकाळपासून एकही बॅटरी नाही. डलूथ गावची माणसं सुधारली म्हणायची, कचऱ्यात बॅटऱ्या टाकत नाहीत."

मार्लिस केटुनेनच्या हातातला कॉफीचा कप हातातच राहिला. नाताळ होऊन आठवडाही झाला नव्हता. घरोघरच्या पोरांनी नवी खेळणी मोडली असणार, मोठ्यांनी जुने फोन कचऱ्यात टाकले असणार. या दिवसांत पट्ट्यावरून इतक्या बॅटऱ्या येत, की त्या वेगळ्या काढून ठेवायचं वाळूचं पिंप बघता बघता भरे. आणि आज एकही नाही? तिच्या मनात पाल चुकचुकली.

छाननीच्या पट्ट्यावरची काळी पेटी मार्लिसच्या ताब्यात होती. बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून पेटीच्या दोन्ही तोंडांना रबराच्या झालरी होत्या. आत चहूबाजूंनी दिवे, काही वरून, काही अगदी आडवे. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते एकामागून एक लागत आणि विझत, आणि कॅमेरा प्रत्येक दिव्यात वेगळं चित्र घेई. पुठ्ठ्यावर कुठूनही उजेड टाका, तो सारखाच दिसतो. चिप्सचं चंदेरी पाकीट चुरगळलेलं असतं, म्हणून प्रत्येक दिव्यात कुठे ना कुठे चमकतं. पण खेळण्यातली चपटी चंदेरी बॅटरी एकाच दिव्यात आरशासारखी लखलखते आणि बाकीच्यांत काळी पडते. यंत्र तेवढ्यावरून तिला ओळखी आणि हवेच्या फुत्काराने बाजूच्या वाळूत उडवी. उरलेला माल पुढे प्रेसमध्ये जाई, तिथे तो दाबून तारेने त्याच्या गासड्या बांधल्या जात. प्रेसवर तिचा धाकटा भाऊ होता, आर्लो.

"एकदा तपासते," ती म्हणाली.

"आधी जेवून घे की. बायकोने हॉटडिश दिलंय, बटाटे-मांस घालून भाजलेलं. तुझ्या वाटणीचंही आहे, खाल्लं नाहीस तर घरी गेल्यावर ती माझी हजेरी घेईल."

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वाळूतून एक मेलेली बॅटरी उचलली आणि पट्ट्यावर ठेवली. बॅटरी झालरीआड गेली. फुत्कार झाला नाही. दुसऱ्या तोंडाने ती जशीच्या तशी बाहेर आली आणि पडद्यावर शब्द उमटला, पुठ्ठा.



रोज काम सुरू करण्याआधी ती एक पांढरी टाइल पेटीत ठेवी. खडूसारखी कोरडी टाइल, कुठूनही पाहा, सारखीच. तिच्यावरून यंत्र आपली नजर ठरवून घेई, की निस्तेज म्हणतात ते हे, याच्याहून जास्त झळाळेल ते चकचकीत. ती टाइल फक्त कोरड्या ब्रशने झाडायची, तिला दुसरं काही लावायचं नाही. नव्या माणसांना हे मार्लिसच शिकवत असे.

तिने टाइल खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. पाण्यावरून सरकावी तशी एक मंद चमक तिच्यावरून सरकली.

थंडीने दिव्यांच्या काचांवर वाफ धरत होती. ती धरू नये म्हणून सकाळी वाफ रोखणारा तेलकट फवारा मारून तिने काचा पुसल्या होत्या. टाइलवर बोटाचा डाग दिसला, तोही पुसला होता. त्याच फडक्याने. फवाऱ्याचा पातळ चकचकीत थर टाइलवर बसला होता. यंत्राने त्या झळाळीलाच निस्तेज मानलं होतं आणि सकाळभर प्रत्येक वस्तूतून तेवढी चमक वजा करत राहिलं होतं.

"पट्टा बंद कर," ती म्हणाली. "बॅटऱ्या आल्यात. सगळ्या पुढे गेल्यात. चूक माझी आहे. आर्लो कुठे आहे?"

गुंडरसनचा चेहरा उतरला. "तार अडकली म्हणून प्रेसमध्ये उतरलाय. पण किल्ली त्याच्याच खिशात आहे. प्रेस कुणी चालू करू शकत नाही."

दाबलेल्या बॅटरीला पेटायला किल्ली लागत नाही. ती बोलायचा वॉकीटॉकी रेडिओ घेऊन प्रेसकडे धावत सुटली.

"आर्लो, बाहेर ये."

"आलो, बाईसाहेब. एवढी एक तार तोडतो."

"तार राहू दे."

"जन्मभर हेच. आर्लो, झाडावरून उतर. आर्लो, बर्फावर जाऊ नकोस. मला टक्कल पडायला लागलं, मार्ली, आता तरी सोड."

"तिथे कसला वास येतोय का?"

"वास? तू म्हणतेस तर येतोय. गोडसर. आई नखं रंगवायची तेव्हा यायचा ना, तसा. कुणीतरी बाटली टाकली असेल."

तो वास फुटलेल्या बॅटरीचा होता. वास आल्यावर आगीला किती वेळ लागतो हे कुणालाच सांगता येत नाही, असं तिला शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं, की हा थट्टा करत आणखी रेंगाळणार.

"आर्लो," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातून यंत्र आंधळं झालंय. तुझ्या पायाखाली किती बॅटऱ्या आहेत, मला माहीत नाही. मला फार भीती वाटतेय रे."

पलीकडून थट्टा आली नाही. पक्कड लोखंडावर पडल्याचा आवाज आला.

ती पोचली तेव्हा तो कमरेपर्यंत पुठ्ठ्यात होता. चेहरा पांढराफटक. "बूट तारेत अडकलाय," तो म्हणाला. त्याच्या मागे एका फटीतून दोऱ्यासारखा धूर वर चढत होता.

"पाय काढ. बूट राहू दे."

"निघत नाहीये."

तिने वाकून त्याच्या काखेत हात घातले आणि सगळा जीव लावून ओढलं. पाय सुटला, दोघं मागे जाळीवर आदळली. आत केटलीसारखी शीळ वाजली, मग दुसरी, मग कितीतरी. ती उठली ती त्याची कॉलर धरूनच. दारातून बाहेर पडेपर्यंत पाठीला धग लागत होती.

बाहेर भोंगा वाजत होता. सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि सगळी माणसं आवारात आडोसा धरून उभी होती. गुंडरसन माणसं मोजत होता. आर्लो एका पायात नुसता मोजा घालून बर्फावर फतकल मारून बसला. दात वाजत होते, तरी हसायचा प्रयत्न करत होता.

"माझ्या बायकोला सांगू नकोस," तो म्हणाला. "बूट तिनेच दिलेत, नाताळात."

मार्लिस त्याच्याकडे बघत होती. तो पाठ टेकून बसला होता. कशाला, ते तिला एकदम दिसलं. वारा लागू नये म्हणून सगळे ज्या भिंतीआड उभे होते, ती गासड्यांची होती. सकाळच्या गासड्या, एकीवर एक रचलेल्या.

तिने श्वास रोखला. मग मुद्दाम, नाकाने, सावकाश हवा आत घेतली. तोच गोडसर वास.

"आर्लो," ती म्हणाली, "ऊठ. सगळे चला इथून. पळू नका, पण चला."