उत्तमची धूळ

सन पंच्याऐंशीची गोष्ट हाये. मी तं चिडलीच ना! माहा पोरगा उत्तम नागपूरच्या बसनं आमच्या गावाले, रामाकोन्याले उतरला, घरात येऊन पाण्याचा लोटा तोंडाले लावला अन् म्हणे, "माय, बंगलोरले चाललो. दगडाच्या धुळीवर अभ्यास करायचा हाये."

दगडाची धूळ! माह्या घरात हा शब्द कोणी काढत नाही. उत्तमचे बाबा मँगनीजच्या खाणीत दगड फोडत होते. त्या धुळीनं त्याईची छाती भरली. नागपूरच्या डागदरनं छातीचा फोटो उजेडात धरला अन् सांगतलं, आता काही होत नाही. ते गेले तवाच म्या ठरवलं, पोरगा धुळीत जाणार नाही. संत्र्याच्या बगिच्यात मजुरी केली, त्याले शिकवलं. अन् शिकून सवरून हा म्हणते धूळ! आगीतून उठला अन् फुफाट्यात पडला.

"नाही जायचं," म्या सांगतलं. "माही शपथ हाये."

"माय, खाणीत नाही वो. वर आभाळात. नवीन तारा बनते ना, त्याच्या भोवताल असते ती धूळ. लय दूर."

"आभाळात दगड कोण फोडते रे? मले येडी समजून राहिला काय?"

तो हासला. मले आणखी राग आला. "दिसते का ती?"

"डोळ्यानं नाही दिसत. लय बारीक हाये. ताऱ्याजवळ तापते, तिची धग यंत्राले समजते. चूल विझली तरी हात जवळ नेला तं कळते ना, तसं. परदेशवाल्यांनी मागं दुर्बीणच वर सोडली होती. धगीवरून दगड कोणता तेही कळते."

बारीक! न दिसणारी! मायबाई, डागदरनं तेच तं सांगतलं होतं. जाडी धूळ खोकल्यानं निघते, न दिसणारी छातीत बसते. हा मले समजावून राहिला का भेववून राहिला, काही समजेना. तव्यावरची भाकर करपली.

"अन् काय करते ती तिथं?"

"गोळा होते, माय. तिचेच मोठेमोठे गोळे बनतात. आपली धरती अशीच बनली. इथले खाणीचे डोंगर बी."

म्या हातातलं पीठ परातीत ठेवलं. "मंग तुह्या बाबाच्या छातीत गेली, ती बी हीच?"

उत्तमनं करपलेली भाकर तव्यावरून काढली. मंग म्हणे, "हो माय. त्याच धुळीतली."

जिची धरती झाली, तिनंच माहा माणूस खाल्ला. आता रागवावं तरी कोणावर? काहीच समजेना. लय रडली मी. तो जवळ येऊन नुसता बसून राहिला.

पदरानं तोंड पुसलं अन् म्या एकच गोष्ट इचारली.

"तिथं कोणी श्वास घेते काय रे?"

"कोणीच नाही, माय. तिथं माणूसच नाही."

"मंग जाय बाप्पा," म्या म्हटलं. "पण दुर्बिणीजवळ बसशीन तं तोंडाले दुपट्टा बांधत जाय."