झेंडूच्या पुडीतलं पान

"दामिने, थोडसं वाचून दाखव न व," शालिकराम म्हणाला.

नातीनं मोबाईलवरून मान उचलली नाही. "आबाजी, शाळेतलं वाचूवाचू जीव गेला. तुमचं पुस्तक कोन वाचते?"

झालं, पालथ्या घड्यावर पाणी. नववीतल्या पोरीला गोडीनं सांगून झालं, रागावून झालं, आलुबोंड्याची लालूच दाखवून झाली. पोरगी काही हलेना.

शालिकराम माळ्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याची बायको शकुन मात्र चौथी शिकलेली. तो झेंडूचे हार ओवायचा, ती समोर पाटावर बसून गोष्टीचं पुस्तक वाचायची, आणि रडायची जागा आली की दोघंही नाक ओढायचे. पोळ्याच्या तोंडावर ती गेली. गोष्टीतली बाई माहेरी निघालेली, नदीला पूर, आणि नेमकी तिथंच झेंडूची पाकळी ठेवून शकुननं पुस्तक मिटलेलं. बाई पल्याड गेली का बुडाली, हे सांगणारं घरात कोणी उरलं नाही. घर खायला उठायचं. म्हातारा फुलांशी बोलायचा, आता बोला.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. सुट्टीच्या दिवशी परतवाड्याच्या बाजारात दामिनी त्याच्याजवळ फुलांच्या पुड्या बांधायला बसायची. शालिकरामानं पाकळीपुढलं पान टरकावलं आणि तिच्या रद्दीवर सगळ्यात वर ठेवून दिलं.

पोरीनं पान घेतलं, त्यावर फुलं ठेवली आणि तिचा हात थांबला. फुलं बाजूला सारून तिनं वाचलं. उलटवून मागूनही वाचलं.

"आबाजी, हे बाई एवढ्या पान्यात कावून उतरली?"

"मले का मालूम?" म्हातारा मिशीत हसला. "गिऱ्हाईक उभं हाय, बांध पुडी."

पान अचलपूरच्या एसटीत बसून गेलं.

घरी पाय टाकताच पोरीनं विचारलं, "बाकीचं पुस्तक कुठी हाय?"

शालिकरामानं पेटीतून काढून दिलं. देताना पाकळी खाली पडली, ती त्यानं टोपीत ठेवली. मग सुईत दोरा ओवला, झेंडूची पाटी पुढ्यात ओढली आणि कान देऊन बसला.

आवाजच येईना. पोरगी भिंतीला टेकून मनातल्या मनात वाचत होती. मध्येच एकटीच हसली.

"मोठ्यानं वाच न माय."

"मोठ्यानं वाचलं तं मजा नाही येत, आबाजी."

"बरं, त्या पुडीच्या पानात का झालं, तेवढं तं सांग. पल्याड गेली का थे?"

"थांबा ना. आत्ता कुठी पयल्यापासून वाचून राहिली. संपलं का सांगीन."

खाटेवर मोबाईल वाजून वाजून गप्प झाला, तिनं पाहिलंसुद्धा नाही. शालिकरामाला हेच तर पाहिजे होतं. आता तक्रार कोणाकडे करावी?

"वाच माय, वाच," तो म्हणाला, आणि शकुनच्या रिकाम्या पाटाकडे तोंड करून त्यानं पुढलं फूल ओवलं.