हाताने लिहिलेला पत्ता

बाबा गेल्यानंतर ती पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हा ऑफिसात सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. तिला त्याचं बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. समोर चहा आला तर प्यायची, नाही आला तर तिला आठवतही नसे. रडू असं आलंच नव्हतं. आलं असतं तर निदान सांत्वन करणाऱ्यांची तरी सोय झाली असती.

तिची कंपनी इस्पितळांसाठी वेबसाइट बनवायची. गंभीर रुग्णांच्या वॉर्डात फोनला बंदी असते. म्हणून नातेवाईकांनी घरून निरोप लिहायचा आणि तो रुग्णाच्या खाटेजवळच्या पडद्यावर उमटायचा, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. बाबांना भरती करायची वेळ आली तेव्हा ते लांबचं इस्पितळ तिनेच सुचवलं होतं. "आमचंच सॉफ्टवेअर आहे तिथे," असं जरा मिरवूनच म्हणाली होती. रुग्णाजवळ एकालाच थांबता यायचं, तेव्हा आई थांबली. दादा त्याच्या घरच्या कंप्युटरवरून निरोप पाठवायचा, ही फोनवरून.

टीमच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत, कारण दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. दुपारी ते तिच्या टेबलाशी आले.

"हलकंसं काम देतोय. फोनवरून पाठवलेले निरोप वॉर्डात पोहोचत नाहीत, अशी तक्रार आलीये. बघ जरा. आणि नाही जमलं आज, तर राहू दे हं."

मास्तरांचा एक हट्ट होता. निरोप सर्व्हरवर जिथे जायचा, तसला कुठलाही पत्ता कोडात हाताने लिहायचा नाही. सर्व्हरकडे रूट हेल्पर नावाचे छोटे मदतनीस प्रोग्राम असतात. त्यांना ठिकाणाचं नाव सांगितलं की ते त्या घटकेचा खरा पत्ता काढून देतात. तो पानाबरोबर, बटणं चालवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या हाती द्यायचा, म्हणजे पुढे पत्ते बदलले तरी बटण बरोबर ठिकाणी जातं. "माणूस घर बदलून गेला, तर कुठे गेला ते विचारावं. जुन्या दारावर थापा काय मारायच्या?" हे ऐकून ऐकून टीमचे कान किटले होते.

तिने फोनच्या पानावरच्या 'पाठवा' बटणाचा कोड उघडला. पत्ता सरळसरळ हाताने लिहिलेला होता. वर आणखी शहाणपणा म्हणजे, सर्व्हरच्या उत्तराची वाटही न बघता पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'निरोप पोहोचला' असं दाखवायची सोय केलेली. कोण हा दिवटा, म्हणून तिने कुणी लिहिलंय ते पाहिलं, तर तिथे तिचंच नाव होतं. गिऱ्हाइकाला दाखवायची घाई होती, नंतर नीट करू म्हणाली होती. हे 'नंतर' कधी येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

मग मास्तरांनी सगळे पत्ते नव्याने लावले होते. हेल्पर वापरणारी पानं आपोआप सुधारली, दादा वापरायचा ते कंप्युटरवरचंही. हिचं हे एक बटण तेवढं जुन्याच दारावर जात राहिलं. तो बदल कधी झाला ते तिने शोधलं. बाबांना भरती करायच्या आधीच झाला होता.

तिचा एकही निरोप पोहोचला नव्हता.

सगळं आटोपून घरी आल्यावर दादा तिला म्हणाला होता, "दोन ओळी लिहायला काय जात होतं तुझं?" तिला वाटलं, पाहुण्यांना कळवायचं म्हणतोय. "लिहिते," ती म्हणाली होती. दादा उठून आत निघून गेला होता.

तिने हाताचा पत्ता खोडला, हेल्परकडून आलेला लावला. 'पोहोचला' हे सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय दिसणार नाही असं केलं. एक निरोप पाठवून पाहिला. तो पोहोचला.

"झालं?" मास्तरांनी विचारलं. "काय होतं?"

"पत्ता हाताने लिहिलेला होता."

"कोणी लिहिला?"

"मी."

मास्तरांचा चेहरा या वेळी खुलला नाही. ती फोन घेऊन जिन्यात जाऊन बसली.

"आई, बाबांना माझे निरोप मिळाले नाहीत ना?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "जाऊ दे आता ते."

"मी रोज पाठवत होते गं. माझ्याच चुकीने अडकले. मला पोहोचले असंच दिसायचं."

"मला वाटलं, कामात बुडाली असशील," आई म्हणाली. "विचारलं असतं तर टोचल्यासारखं झालं असतं. पण हे सारखे त्या पडद्याकडे बघायचे. मग मीच वाचून दाखवायचे. दादाचा झाला की तुझा म्हणून एक, मनानेच. 'बाबा, काळजी घ्या, लवकर बरे व्हा,' असं काहीबाही."

"मग?"

"मग काय. एकदा म्हणाले, तुला धड थापही मारता येत नाही. ती कधी इतकं गोड बोलेल का? तिने लिहिलं असतं तर आधी मला दरडावलं असतं."

"म्हणजे त्यांना माहीत होतं."

"होतं. तरी रोज म्हणायचे, तिचा वाच."

कुणीतरी खोकं घेऊन जिना उतरत होतं. तिने पाय आवरून जागा दिली.

"काय लिहायचीस तू?" आईने विचारलं.

पाठवलं की लिहायची चौकट रिकामी व्हावी, हीही तिनेच केलेली सोय. फोनवर काही उरलं नव्हतं. पण रोज एकच तर लिहायची.

"बाबा, गोळी घेतलीत का? नुसतं हो म्हणू नका, तोंड उघडून आईला दाखवा."

आईला हसू फुटलं. हसता हसता तिचा आवाज कापायला लागला.

"घेतली गं," ती म्हणाली. "रोज घेतली त्यांनी. मी बघितलं ना त्यांचं तोंड उघडून."

"बरं," ती म्हणाली. आणि इतक्या दिवसांनी तिला रडू आलं.