इमिक की इमाक

उलुरियाकचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीपासून चुलीपर्यंत, चुलीपासून परत खिडकीपर्यंत. जूनमधला सूर्य मावळायचं नावच घेत नाही, त्यामुळे झोपेचं खोबरं झालेलंच होतं. त्यात आज पाच वाजता तिला उत्तर ध्रुवाजवळच्या त्यांच्या मिट्टिमातालिक गावाच्या रेडिओवर गायचं होतं. गाणं स्वतः रचलेलं हवं, शब्द सगळे आपल्या इनुक्टुट भाषेतले हवेत, उसना एकही चालणार नाही, असं जेपीटी महिनाभर माइकवरून बजावत होता. रेडिओची खोली तोच सांभाळायचा. पोरांनी जुन्या गाण्यांवर किती दिवस काढायचे, म्हणून ही टूम त्यानेच काढली होती.

तिचं गाणं बापावर होतं. नुताराक दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत स्नोमोबाइल घेऊन गोठलेल्या समुद्रावर गेला आणि बर्फ फुटून खाली गेला. सीलच्या मागे गेला असेल, असं गावाने ठरवून टाकलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला बापासाठी चार ओळी आपल्या भाषेत जमू नयेत, याची तिला लाज वाटायची. शाळा झाली इंग्रजीत. अजूनही डोक्यात आधी इंग्रजी ओळ यायची, मग ही एकेक शब्द बदलत बसायची. आणि गाव असं, की चुकलेला शब्द जन्मभर विसरत नाही. सातवीत असताना दुकानात तिने एका शब्दाला भलतंच शेपूट लावलं होतं, तर दुकानदार अजून तिला त्याच शब्दाने हाक मारायचा.

म्हणून तीन वाजता तिने आत्याला समोर बसवलं. काउनाक नुताराकची थोरली बहीण. वय सत्तरीचं, जीभ तिखट.

"म्हण, आई," काउनाक म्हणाली.

उलुरियाक जन्मली तेव्हा तिला काउनाकच्या वारलेल्या आईचं नाव ठेवलं. तेव्हापासून आत्या तिला आई म्हणायची, बापही आईच म्हणायचा आणि ही आत्याला पोरी म्हणायची. गावात घरोघरी हेच चालतं, नावाबरोबर नातंही येतं, कुणाला त्याचं नवल नाही.

तिने गिटार घेतली. दोन ओळी नीट गेल्या. तिसरीत, पाण्याने तुला नेलं, असं आलं.

"थांब. कुणी नेलं म्हणालीस?"

"इमिकने. पाण्याने."

काउनाक खो खो हसत सुटली. "अगं आई गं! इमिक म्हणजे प्यायचं पाणी. पेल्यातलं, किटलीतलं. समुद्राचं ते इमाक! तुझा लेक काय टाकीत बुडाला?"

हसता हसता मध्येच हातातला मग तिने खाली ठेवला.

"बदल तो शब्द."

"बदलते ना. एवढं तोडून बोलायला काय झालं, पोरी?"

"बदल म्हणते ना!"

चहा तसाच टाकून ती निघून गेली. हल्ली ती चहा टाकूनच द्यायची. एके काळी टाकीत भरलेल्या टँकरच्या पाण्याला नाकं मुरडायची, हिमनगाच्या गोड्या बर्फाचा नसेल तर तो चहाच नव्हे म्हणायची. आता दोन वर्षं टाकीतलं पाणी मुकाट्याने उकळत होती आणि अर्धा मग ओतून देत होती.

उलुरियाक रेडिओच्या खोलीपर्यंत रस्ताभर घोकत गेली. इमाक, इमाक, इमाक.

"घाबरलीस होय?" जेपीटीने विचारलं.

"नाही, जेपीटीकाका."

"मग पाय का हलवतेस? माइकला सगळं ऐकू येतं."

ती गायली. आवाज लागला, सूर लागले, पण महिनाभर एकाच शब्दाला सरावलेली जीभ ती. तिसऱ्या ओळीत इमिकच म्हणाली. थांबता येईना, म्हणून कसंबसं शेवटपर्यंत नेलं.

लगेच फोन वाजला. गावातून येणारा फोन थेट रेडिओवर ऐकू जातो.

"जेपीटी, तिला विचार रे," दुकानदार म्हणाला, "बाप टाकीत बुडाला की किटलीत?" त्याच्यामागे घरभर हशा पिकला.

उलुरियाकचे कान तापले. तिने गिटार पेटीत घातली. आता पुन्हा या भाषेत तोंड उघडायचं नाही, असं तिने त्या क्षणी ठरवून टाकलं. तेवढ्यात फोन परत वाजला.

"मी काउनाक. हसणाऱ्यांनी तोंडं मिटा. शब्द बरोबर आहे."

"काउनाक, अहो, ते इमाक—" जेपीटी म्हणाला.

"मला नको शिकवू. नुताराक सीलसाठी गेलाच नव्हता. मला टाकीच्या पाण्याचा चहा नको होता. म्हटलं, हिमनगाचा बर्फ आणून दे. तो म्हणाला, वाटेतला बर्फ आतून कुजलाय, फुटेल. मी म्हटलं, भित्रा मेला." तिला धाप लागली. "आई, पाणी मीच मागितलं गं."

नुताराकच्या मुलीला वाटलं, फोन भिंतीवर आपटावा. दोन वर्षं दातखीळ बसली होती का, म्हणून ओरडावं. पण ही हाक मुलीला नव्हती, आईला होती. आणि तिकडे एक म्हातारी लहान पोरीसारखी मुसमुसत होती, अख्ख्या गावाच्या कानात.

"पोरी," उलुरियाक शेवटी म्हणाली. "मला तुझा राग आलाय. खूप आलाय. पण रेडिओ बंद करू नकोस."

तिने गिटार पुन्हा बाहेर काढली. पाय अजून हलतच होता, तरी जेपीटीने माइक पुन्हा तिच्यापुढे सरकवला. तिने पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीत तो शब्द आला तेव्हा मुद्दाम, सावकाश म्हटला. इमिक.