मी, साक्षीला उभी केलेली बाज

मी एक बाज आहे. पाय बाभळीचे, अंग अंबाडीच्या दोरानं विणलेलं. कडा गावाजवळ दोर वळणाऱ्यांची एक वस्ती होती. तिथल्या उत्तरेश्वरानं मला स्वतःच्या लग्नासाठी घडवलं. मुलूख निजामाचा, पण नगरकडून एक पाळक यायचे आणि वस्तीतली काही घरं ख्रिस्ती झाली होती. त्यांतलं एक उत्तरेश्वराचं.

लग्न अंगणातच लागलं. पाळकांनी आधी उत्तरेश्वराला विचारलं, "सुखात आणि दुखण्यात हिचाच राहशील? मन दुसरीकडे नेणार नाहीस?" मग तेच भिवराबाईला विचारलं. दोघंही हो म्हणाले. पुढं पाळक येत, तेव्हा प्रत्येक जोडप्याला सांगत, "अंथरूण निर्मळ ठेवा." पुरुष माना डोलवत आणि बायकांकडं बघत. उपदेश जणू त्यांच्या डोक्यावरून पलीकडं, बायकांना पोचवायचा होता.

एका दसऱ्याला उत्तरेश्वर परळीला कापसाच्या जिनात मजुरीला गेला. मागं वस्तीत मानमोडीच्या तापाची साथ आली. वस्ती भिऊन रानात पांगली. शेजारची वच्छलाबाई मात्र दोन पोरांसह तापानं फणफणत पडली होती. भिवराबाईनं तिघांना उचलून माझ्यावर निजवलं आणि स्वतः जमिनीवर पडली. तिघं तळमळत, तसा माझा दोर ताणत गेला. तिघांतलं कुणीच वाचलं नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला उत्तरेश्वर परतला, तोवर पांगलेली वस्तीही परत आली होती. त्याचा चुलता आश्रुबा भेटायला आला आणि माझ्यावर टेकला, तो खोल रुतलाच. जन्म दोर वळण्यात गेलेला माणूस. त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला.

"उत्तरेश्वरा, बाज लई सैल हाय बे. एकट्या बाईनं इतकी दबत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मला लिंबाखाली ओढून नेलं. माणसं जमली. बाईचं चारित्र्य तपासायला त्यांना बाजेचा दोर पुरतो.

"वच्छलाबाईला आन् तिच्या पोरांस्नी निजवलं व्हतं," भिवराबाई म्हणाली.

"बोलीव मग त्यांना," आश्रुबा म्हणाला.

"मातीत हायेत, मामंजी."

"साक्षीदार बी सोयीचे निवडलेत बाईनं," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. मला सारं ठाऊक होतं, पण लाकडाला कोण विचारतो?

आश्रुबानं जुनी रीत काढली. उकळत्या तेलातून नाणं काढायचं. हात भाजला तर बाई खोटी, नवऱ्यानं तिला टाकायची. भिवराबाईनं बांगड्या कोपराकडं सारल्या.

तेव्हा उत्तरेश्वर उठला. "ठेवा कढई. आधी माजा हात."

"तुजा कावून?" आश्रुबानं विचारलं.

"दसऱ्याला गेलतो, आत्ता आलो. परळीत कुटं निजलो, कुणासंगं निजलो, इचारलं का कुणी? माजी बाज कुणी तपासली?"

"आरं, तू बाप्या हायेस."

"पाळकानं आधी मलाच इचारलं व्हतं, तात्या. हिला मागनं."

चूल कुणी पेटवली नाही. पाळकानं पोराचं डोस्कं फिरवलं, असं पुटपुटत आश्रुबा निघाला. त्याच्यामागं एकेक जण उठून गेला.

उत्तरेश्वरानं मला घरी आणलं आणि सैल वीण ताणायला पायथ्याची दावण ओढायला घेतली. भिवराबाई गुडघा टेकवून दोर धरून बसली. मग तिनं मान वर न करता विचारलं.

"आवं, परळीत कुणी व्हतं का?"

त्याचे हात थांबले. "न्हाई." मग दोर सोडून म्हणाला, "एकदा मन गेलतं. मुक्काम बदलला मग."

तिनं त्याच्याकडं बघितलं. असं विचारायचा तिला लग्नापासून हक्क होता. तिनं तो पहिल्यांदाच वापरला होता.

"बरं," ती म्हणाली. "वढा आता."

आता ती दोघं नाहीत. माझा दोर कुजलाय, एक पाय निखळलाय, नातसून माझ्यावर मिरच्या वाळत घालते. लवकरच चुलीत जाईन, त्याचं दुःख नाही. मागणं एवढंच आहे. कुठल्या घरातून बाईची बाज बाहेर ओढाल, तर त्याआधी त्या घरच्या पुरुषाला तेच विचारा. आणि त्यानं उत्तरेश्वरासारखं खरं सांगावं, निदान तिला.